चौक्याच्या घाटातील चव्वेचाळीस अंश

तक्रारदार : मी स्वतः. वय एक्कावन्न. शिक्षण नववी. धंदा अर्जनवीस, बैठक न्यायालयाच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली, छत्रपती संभाजीनगर.
ज्याच्याविरुद्ध : माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. शिक्षण आयटीआय, मोटार मेकॅनिक. धंदा पूर्वी गॅरेज. सध्याचा धंदा पुढे येईल.
घटनेची वेळ : चैत्र संपत आलेला, रविवार, सकाळी साडेदहाचा सुमार.
घटनेचे ठिकाण : सिल्लोडच्या वाटेवरील चौक्याचा घाट.
साक्षीदार एक : माझी पत्नी, जी घटनेच्या तीन दिवस आधी चहाचे कप घेऊन दारात उभी होती.
साक्षीदार दोन : सिल्लोडचे एक जिनिंगवाले शेठ, ज्यांची मोटार होती.
मुद्देमाल : एक पितळी बोल्ट, बोटाच्या पेराएवढा; आजही माझ्या टेबलाच्या खणात.
विषय : उत्तर न दिल्याबाबत.

नावे लिहिलेली नाहीत. नाव नसलेला अर्ज केराच्या टोपलीत जातो, हे मीच गेली अठ्ठावीस वर्षे लोकांना बजावत आलो आहे. परंतु हा कागद कोणत्याही खिडकीत द्यायचा नाही. ज्यांनी ओळखायचे ते ओळखतील; इतरांना नावांवाचूनही हकीकत समजेल, कारण समजेल अशी हकीकत लिहिणे हीच माझी रोजी आहे.

माझ्या धंद्याविषयी लोकांचा एक गैरसमज आहे. त्यांना वाटते, घडले ते अर्जनवीस लिहितो. घडलेले सगळे लिहायला बसलो तर एकाही अर्जाचा निकाल लागणार नाही. घडलेल्यापैकी कोणते उभे करायचे आणि कोणते बसवून ठेवायचे, हे ठरवण्यात माझे कसब आहे. गैरसोयीचे बोलणारा साक्षीदार हजर असला तरी त्याला पुकारायचे नसते. फाटकातून येणारे पदवीधर वकीलसुद्धा माझ्याकडून मजकुराची घडी शिकून गेले आहेत. हे बढाई म्हणून लिहीत नाही. पुढे जे घडले ते याच कसबातून घडले, म्हणून आधी नोंदवले.

आता मेहुण्याविषयी. माझ्या लग्नात त्याने माझा कान पिळला. वधूच्या भावाने वराचा कान पिळावा, बहिणीला नीट सांभाळा असे बजावावे आणि टॉवेल-टोपी घेऊन बाजूला व्हावे, एवढी ती रीत. हा तेव्हा सातवीत होता. याने कान असा पिळला की माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि तीनशे माणसे हसली. मी टॉवेल-टोपी दिली आणि हसलोही. मात्र ते पाणी मी विसरलो नाही, हे येथे प्रथमच कबूल करतो.

पुढे तो आयटीआय झाला. माझ्या सासरी नववीच्या वर गेलेला तो पहिला. चिकलठाण्याच्या बाजूला भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने गॅरेज टाकले, आणि पाहता पाहता मुलखात त्याचे नाव झाले ते एका विचित्र कामासाठी. जुन्या पेट्रोल मोटारींना तो सुपरचार्जर बसवत असे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे एक यंत्र, जे हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जळते, तर जोर जास्त. मेहुणा त्याला साध्या भाषेत फुंकणी म्हणत असे.

एकदा मी त्याच्या शेडमध्ये गेलो असता चार गिऱ्हाइके बसली होती. एका मोटारीच्या पुढच्या जाळीमागे त्याने आणखी एक रेडिएटर लावला होता, नळ्यांना चंदेरी पट्टी गुंडाळली होती आणि डिकीत पाण्याची टाकी बसवून तीत बर्फाचे खडे टाकत होता. मी म्हणालो, "इंजिन तापते म्हणून पाणी असते, ते ठाऊक आहे. हवेला कसला बर्फ? हवा तर बाहेरची, फुकटची."

"दाजी, बाहेरची हवा गारच असती," तो म्हणाला. "आपण तिला दाबतो, म्हणून तापती."

"दाबल्याने कोणी तापत नसते. दबतो."

गिऱ्हाइके हसली, आणि ती माझ्या बाजूने हसली असे मला वाटले. त्याने कोपऱ्यातून सायकलचा पंप आणला. "ह्याचं तोंड अंगठ्यानं दाबून धरा." मी धरले. त्याने दहा-पंधरा दट्टे सपासप मारले. पंपाच्या तोंडाशी चटका बसला आणि मी हात झटकला.

"कळलं का? ही सायकलची हवा. इथं तर फुंकणी मिनिटाला हजारो फेरे मारती. बाहेर बेचाळीस असंल तर आत शंभराच्या वर जाती. तापली की पातळ व्हती, मग जोर जातो. आन् जास्तच तापली, तर ठिणगीच्या आधीच भडका उडतो, पिस्टन वितळतो. म्हून आधी हवा गार करायची, मग इंजिनात सोडायची. समदं काम हेच हाय."

"म्हणजे बर्फवाल्याचा धंदा," मी म्हणालो.

"दाजी," तो हसत म्हणाला, "तुम्ही अर्ज लिहा."

या वेळी गिऱ्हाइके कोणाच्या बाजूने हसली याविषयी शंका राहिली नाही. त्याच्या बोलण्यात विखार नव्हता. माझ्या अंगठ्याला फोड आला होता, आणि दुसऱ्या दिवशी लेखणी धरताना तो दुखत होता.

येथे सिल्लोडचे शेठ येतात. त्यांची जमिनीची कागदपत्रे मी वर्षानुवर्षे पाहत असे. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगचा मोठा मालक, परंतु माझ्या बाकावर बसून माझ्याच कपातला चहा पिणारा. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक पेट्रोल मोटार होती. ती विकवत नव्हती आणि चढाला ओढत नव्हती. मी मेहुण्याचे नाव सांगितले. हे मी का केले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याला चार माणसांत 'हे माझ्या दाजींनी दिलेले काम' असे म्हणावे लागावे, एवढीच माझी इच्छा होती.

शेठ खूश झाले आणि त्यांनी एक शब्द दिला. मेहुण्याच्या शेडचा मालक जागा खाली करा म्हणून मागे लागला होता. शेठ म्हणाले, "मिस्त्री, ये गाडी मेरेकू घाट में चार आदमी बिठा के, एसी चालू रख के, दम से चढा के दिखाव. फिर मेरे जिनिंग के बाजू की रोडटच जगा तुम्हारी. पक्का शेड मैं डालके देतौं. पूरे खानदान की गाड्यां तुम्हारे पास."

मेहुण्यापुढे असा शब्द पूर्वी कोणी ठेवला नव्हता. त्या दिवशी तो माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला.

त्याने दीड महिना काम केले. फुंकणी बसली, हवा गार करणारा पेटीसारखा कूलर बसला, टाकी बसली. पुढच्या काचेखाली त्याने तापमान दाखवणारा एक लहान आकडा लावला, आणि त्याची वायर जेथे जायला हवी तेथे नेली : फुंकणी आणि कूलर यांच्या पुढे, इंजिनाच्या अगदी तोंडाशी असलेल्या नळीत, एक भोक पाडून. तेथील सेन्सर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे खरे तापमान सांगे. तोच मोटारीच्या कॉम्प्युटरलाही सांगे, आणि हवा फार तापली की कॉम्प्युटर ठिणगी मागे सरकवून जोर आपोआप कमी करी. साठच्या वर आकडा पिवळा, सत्तरच्या वर लाल. त्याचा नियम एकच होता : लाल झाला की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा.

गुरुवारी पहिली चाचणी झाली. ऊन असे होते की सावंगीच्या पुढे रस्त्यावर पाणी दिसत होते आणि ते पाणी नव्हते. मेहुणा चालवत होता, मी पुढे बसलो होतो, शेठ मागे. मोटार घाटाला लागली तेव्हा जोरात होती. दुसऱ्या वळणावर आकडा पिवळा झाला, तिसऱ्यावर लाल, आणि मोटार एकदम मलूल झाली. मागून आलेली एक जीप आम्हांला ओलांडून गेली.

"ये लाल कायकू होरा?" शेठ म्हणाले.

"हवा तापली शेठ. गाडी सोताला वाचवायलीय," मेहुणा म्हणाला. "पुढचा रेडिएटर बारका पडला. मोठा मागवावा लागंल. पंधरा दिवस द्या."

"इसीच इतवार को मेरे भतीजे का वलीमा है सिल्लोड में, शादी की दावत. सब देखते बैठे हैं कि चाचा की गाडी आती कैसी."

"रविवारी न्या, पण हळू न्या. लाल झाला की पाय काढा."

शेठ पुढे गेलेल्या जीपकडे पाहत राहिले.

त्याच संध्याकाळी मेहुणा माझ्या घरी आला. तोंड उतरलेले होते. मी खुर्चीत, तो खाली सतरंजीवर. मी विचारले, "आकडा लाल का होतो?"

"खरं हाय ते दाखवतो, म्हून."

"तो सेन्सर दुसरीकडे लावता येतो का?"

"येतो की. फुंकणीच्या आधी, फिल्टरपाशी. पण तिथं बाहेरचीच हवा दिसंल, बेचाळीस-चव्वेचाळीस. त्याचा काय उपेग?"

"उपयोग हा, की शेठ घाबरणार नाहीत. रविवार निघून जाईल. नंतर मोठा रेडिएटर बसव आणि सेन्सर परत जागेवर लाव."

त्याने माझ्याकडे पाहिले. "दाजी, शेठचं सोडा. कॉम्प्युटरला बी तेच दिसंल. त्याला वाटंल समदं गार हाय. त्यो जोर कमी करणार नाय. इंजिन आंधळं व्हईल."

"तुझा सेन्सर म्हणजे साक्षीदार आहे," मी म्हणालो. "खोलीच्या आत काय चालले आहे ते त्याने सांगितले तर पक्षकार मरतो. मग त्याला दाराबाहेर उभा करायचा. तो खोटे बोलत नाही. त्याला दिसते तेवढेच सांगतो."

हे वाक्य मला फार आवडले होते, हे मी लपवत नाही.

"नाय जमणार दाजी."

तेव्हा मी ते केले जे दाजीने करू नये असा कुठे नियम नाही, पण सहसा कोणी करत नाही. मी आवाज न चढवता म्हणालो, "ठीक आहे. तू शिकलेला आहेस. मी नववी. शेठ माझ्या शब्दावर तुझ्याकडे आले होते, तो शब्द मी परत घेतो. यापुढे तुझ्या बहिणीने माहेरी जायचे की नाही, याचाही विचार करावा लागेल."

पत्नी दारात कप घेऊन उभी होती. कप वाजले नाहीत. मेहुण्याने तिच्याकडे पाहिले, मग सतरंजीकडे. "बरं," तो म्हणाला. त्या घराण्यात दाजीचा शब्द आजवर कोणी मोडलेला नाही. मला ते ठाऊक होते, म्हणूनच मी तो शब्द टाकला होता.

शुक्रवारी त्याने सेन्सर काढून फिल्टरपाशी लावला. इंजिनाच्या तोंडाशी पडलेले भोक त्याने पितळी बोल्ट बसवून बुजवले. त्या संध्याकाळी मी स्वतः मोटारीत बसून पाहिले. आकडा त्रेचाळीस. आणि आश्चर्य असे की मोटार पूर्वीपेक्षा जोरात धावली, कारण तिला आवरणारे आता कोणी नव्हते. "बघ," मी मेहुण्याला म्हणालो, "दीड महिन्यात तुला जे जमले नाही ते एका वाक्यात झाले." त्याने बर्फाच्या दोन लाद्या जास्त मागवल्या.

रविवारी शेठ स्वतः चालवत होते. त्यांच्या शेजारी मी. मागे मेहुणा आणि शेठचा साडू. डिकीत बर्फ काठोकाठ, एसी चालू, शेठच्या कपड्यांना अत्तर. हर्सूल सुटल्यावर मी आकडा मोठ्याने वाचायला सुरुवात केली, जसा पेशकार तारखा पुकारतो. "बेचाळीस." शेठ हसले. "त्रेचाळीस."

घाटात कापसाच्या गाठींचा एक ट्रक पुढे होता. त्याच्या मागे आम्ही बराच वेळ रांगत राहिलो. समोरून वारा नाही, जाळीवर ट्रकचा गरम धूर. मेहुणा मागून म्हणाला, "शेठ, वळणावर थांबू जरा. बॉनेट उघडू. बर्फ बी संपला असंल."

"चव्वेचाळीस," मी म्हणालो. "थांबायचे कारण नाही."

ट्रक बाजूला झाला. शेठनी पाय दाबला आणि मोटार उसळली. मला मान्य केले पाहिजे की तो क्षण सुंदर होता. मग बॉनेटखालून एक बारीक आवाज आला, डब्यात खडे हलवावेत तसा. मी तो ऐकला, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मेहुण्याला होता.

"पाय काढा!" तो ओरडला. "शेठ, पाय काढा!"

शेठनी आरशातून मागे पाहिले आणि मग माझ्याकडे. मी आकड्यावर बोट ठेवले. "चव्वेचाळीस आहे. तू गप बस रे. मोठी माणसे बसली आहेत."

शेठनी पाय काढला नाही. मी सांगितले म्हणून काढला नाही. पुढच्या वळणाआधी धाडकन आवाज झाला, मोटार आचके देत कडेला आली आणि मागे निळा धूर घाटभर पसरला. आम्ही उतरलो. मागून वलीम्यालाच निघालेल्या तीन गाड्या येऊन थांबल्या, त्यातले लोक उतरून पाहू लागले. मेहुणा बॉनेट उघडून उभा राहिला. त्याने इंजिनाच्या तोंडाच्या त्या नळीवर रुमाल ठेवला. रुमाल तेथेच पिवळा पडला. आत काचेखाली आकडा अजूनही चव्वेचाळीस होता.

एवढे होऊनही गोष्ट तेथे संपू शकली असती. शेठ दिलदार माणूस. पुढच्या आठवड्यात ते माझ्या बाकावर आले. दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन उघडले होते. दोन पिस्टन मेणासारखे वितळले होते. त्यांनी रुमालाच्या पुरचुंडीतून पितळी बोल्ट काढून टेबलावर ठेवला.

"मुन्शीजी, वो मिस्त्री बोलरा, ये भोक जान-बूझ के बंद करे. सच्ची बात?"

बोल्टाकडे पाहत असताना माझ्या मनात दोन अर्ज तयार झाले. एकात मी होतो. दुसऱ्यात नव्हतो. मी दुसरा निवडला.

"भोक त्यानेच बुजवले," मी म्हणालो. हे अक्षरशः खरे होते.

"मगर उनो चिल्लाया था ना, पाय काढो बोलके?"

"तेच तर, शेठ. न कळणारा माणूस ओरडला नसता. त्याला माहीत होते म्हणून तो ओरडला. अजाणत्यापेक्षा जाणता गुन्हेगार मोठा."

शेठनी बोल्ट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "जाने देव. गाडी का क्या, इंजन दुसरा आता. लडका गरीब है. जगा नहीं देता, बस."

मी म्हणालो, "शेठ, प्रकरण अर्धे सोडायचे नसते. अर्धा कागद मी लिहीत नसतो."

त्या दुपारी मी शेठच्या वतीने जी तक्रार लिहिली ती माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम लिखाण आहे. चार पाने. त्यात घाट होता, ऊन होते, वलीम्याला चाललेले कुटुंब होते, चार जिवांचा धोका होता. मधोमध एक परिच्छेद फक्त त्या भोकाला दिला होता : सत्य सांगणारे तोंड पितळ बसवून कसे बंद केले गेले. तो वाचताना शेठच्या डोळ्यांत पाणी आले. मी त्यात एकही खोटे वाक्य लिहिले नाही. सतरंजी, कप आणि माझी खुर्ची एवढेच बसवून ठेवले.

गॅरेजमध्ये बैठक झाली. शेठ, शेठचा साडू, शेडचा मालक, आसपासचे दोघे-तिघे मिस्त्री, आणि मी. मी उभे राहून वाचले. मेहुणा पान्याच्या फळीला टेकून उभा होता. भोकाचा परिच्छेद आला तेव्हा एक मिस्त्री म्हणाला, "अरे, तू असं करशीन? तू तर आम्हाला शिव्या देतोस वायर हलवली तर." दुसऱ्याने विचारले, "कुणी सांगितलं तुला? शेठनी सांगितलं का?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. मी कागद धरून उभा होतो.

"कुणी नाय," तो म्हणाला. "माझीच अक्कल."

मग मी शेवटचे पान काढले. माफीनामा. त्यात मी आपल्या मनाने एक वाक्य घातले होते : 'यापुढे मी कोणत्याही मोटारीच्या इंजिनाला हात लावणार नाही, लावल्यास कायदेशीर कारवाईस पात्र राहीन.' शेठ म्हणाले, "इत्ता नक्को लिखो, मुन्शीजी." मी म्हणालो, हा मसुद्याचा नमुना आहे.

असा कोणताही नमुना नाही. त्या वाक्याला कायद्यात काडीची किंमत नाही. माणसाने आपला धंदा कायमचा सोडावा असे कोणी त्याच्याकडून शेडमध्ये उभे करून लिहून घेऊ शकत नाही. लिहून घेतले तरी ते टिकत नाही. हे मला पुरेपूर ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हते, असे मी धरून चाललो होतो. त्याने ग्रीसचा हात फडक्याला पुसला आणि सही केली. सही करताना एवढेच विचारले, "दाजी, तारीख कुठं टाकायची?" मी बोट ठेवले. त्याने तेथे टाकली.

त्यानंतर त्याने इंजिनाला हात लावलेला नाही. एकदाही नाही. शेड खाली झाले. पाने-पेचकस आणि जॅक कोणीतरी उचलून नेले.

गेल्या उन्हाळ्यात गुलमंडीत तो दिसला. एका दुकानापुढच्या फुटपाथवर बसून तो कूलरच्या जाळ्यांत गवत भरत होता. बाजूला कूलरची चार-पाच उघडी खोकी, पाण्याची बादली. केस पिकले आहेत. मी त्याला ओलांडून जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

"काय रे," मी म्हणालो, "हवा गार करायचे सोडले नाहीस तर."

"दाजी! बरं हाय का? आक्का बरी हाय?"

"बरी आहे. इथे आकडा लावतोस की नाही?"

माझ्या बोलण्यात काय होते ते त्याला कळले. त्याने ओले गवत दाबून जाळीत बसवले, खोक्यापुढे तळहात धरला आणि म्हणाला, "इथं हात लावून कळतं, दाजी."

मग तो म्हणाला, "चहा घेता का?" मी नाही म्हणालो.

घरी येऊन मी हे पत्नीला सांगितले, विनोद म्हणून. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "एवढा हुशार माणूस. त्याला त्या कागदाचं काय कळलं नसंल व्हय?"

"कोणत्या कागदाचे?"

"ज्याच्यावर तुम्ही त्याची सही घेतली. त्याच्या वर्गातला जोडीदार वकील हाय तुमच्याच कोर्टात. रोज तुमच्या टेबलावरून जातो. एका शब्दाचं विचारायचं काम व्हतं."

तिने ते मान वर न करता सांगितले. गुरुवारच्या त्या संध्याकाळनंतर ती चहाचा कप माझ्या हातात देत नाही, स्टुलावर ठेवते. मी ते पूर्वी लक्षात घेतले नव्हते. त्या दिवशी घेतले.

तेव्हापासून हा एकच मुद्दा माझ्यापुढे उभा आहे. त्याला जर ठाऊक नव्हते, तर माझा मसुदा जिंकला. एका शिकलेल्या माणसाला मी चार पानांत त्याच्या हातांपासून तोडले. त्याला जर ठाऊक होते, तर त्याने त्या दिवशी माझ्या अक्षराला भिऊन सही केली नाही. दारात कप धरून उभ्या असलेल्या बहिणीसाठी केली, आणि नंतरची सगळी वर्षे ते वाक्य तो तिच्यासाठीच पाळत आहे. मग त्या कागदात माझे असे काहीच उरत नाही.

मी त्याला तीन पत्रे पाठवली. रजिस्टर्ड. पोचपावत्या माझ्याकडे आहेत, तिन्हींवर त्याची सही आहे, तारीख नेमक्या जागी टाकलेली आहे. उत्तर नाही. म्हणून ही तक्रार.

सबब विनंती अशी की :

ज्याच्याविरुद्ध हा कागद लिहिला आहे त्याने, सही करतेवेळी सदर वाक्य निरर्थक असल्याचे त्यास ठाऊक होते किंवा कसे, एवढ्याच मुद्द्यावर लेखी उत्तर द्यावे. तोंडी चालणार नाही. तोंडी उत्तर मी हवे तसे लिहून घेऊ शकतो, हे तो जाणतो.

सेन्सर कोणाच्या सांगण्यावरून हलवला, याविषयी त्याने काही लिहू नये. ते मी वर लिहिले आहे.

उत्तर 'ठाऊक होते' असे असल्यास पितळी बोल्ट त्यास परत करण्यात येईल. उत्तर 'ठाऊक नव्हते' असे असल्यास, सदर वाक्य रद्द समजून त्याने इंजिनाला हात लावण्यास माझी हरकत नाही.

माझ्या लग्नात घेतलेली टॉवेल-टोपी परत करण्याची आवश्यकता नाही.

उत्तराची वाट पाहत आहे. बैठक तीच, कडुनिंबाखाली, सकाळी दहा ते सायंकाळी सहा. कळावे.